बेल, हिरडा, डाळिंबाची साल आणि आतड्याचं अस्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फळाच्या अर्काचा आतड्याच्या अस्तराशी संबंध येतो तरी कसा?

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एक थर. त्याच्या एका बाजूला अन्न आणि अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त. या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडतात आणि खालच्या खळग्यांतून नव्या पेशी वर येऊन त्यांची जागा घेतात. लहान आतड्यात हे अस्तर बोटांसारख्या बारीक उंचवट्यांवर पसरलेलं असतं, त्यांना व्हिलाय म्हणतात. मोठ्या आतड्यात उंचवटे नसतात, नुसते खळगे असतात आणि वर श्लेष्माचा जाड लेप असतो.

फळातली द्रव्यं इथे मुख्यतः तीन वाटांनी काम करतात. टॅनिन, म्हणजे तोंडात तुरट लागणारं द्रव्य, प्रथिनांना चिकटून अस्तरावर पातळ पापुद्रा धरतं आणि पाझर कमी करतं. पेक्टिन आणि डिंकासारखे तंतू पाणी धरून ठेवतात. मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं, जे तिथल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. तिसरी वाट म्हणजे पॉलिफेनॉल, वनस्पतीत तयार होणाऱ्या द्रव्यांचा एक गट. यांतले बरेचसे रक्तात फारसे जातच नाहीत, आतड्यातच राहून जळजळीच्या संदेशांवर आणि जिवाणूंवर परिणाम करतात. एकाच फळात या तिघांचं प्रमाण कच्चेपणी वेगळं आणि पिकल्यावर वेगळं असतं. इथून पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचं मूळ यातच आहे.

बेलाने जुलाब थांबतात असंही म्हणतात आणि पोट साफ होतं असंही. खरं काय?

दोन्ही खरं, पण दोन वेगळ्या फळांबद्दल. कच्चा किंवा अर्धकच्चा बेल तुरट असतो, टॅनिन भरपूर आणि साखर कमी. त्याच्या वाळवलेल्या काचऱ्यांचा काढा पातळ शौचाला बांधतो. पिकलेला बेल गोड, वासाचा, गरात साखर आणि चिकट द्रव्य जास्त. तो मळ मऊ करतो आणि जास्त खाल्ला तर पोट जड होतं, वारा धरतो.

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. जुलाब लागले म्हणून घरात असलेलं पिकल्या बेलाचं सरबत पाजलं जातं आणि जुलाब वाढतात. उलट बद्धकोष्ठाचा माणूस काचऱ्यांचं चूर्ण घेतो आणि त्याला खडा होतो. दोन्ही वेळा फळ बरोबर, अवस्था चुकलेली असते.

बेलाच्या काढ्याने जंतू मरतात का?

बहुतेक मरत नाहीत, आणि ही बेलाची सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या संशोधकांनी कच्च्या बेलाच्या काढ्यावर केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. जुलाब करणारे जिवाणू काढ्यात ठेवून पाहिले तर ते जिवंतच राहिले. जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी आणि रोटाव्हायरस हा विषाणू यांच्यावर मात्र परिणाम दिसला. खरी मौज पुढे आहे: तेच जिवाणू काढ्याच्या उपस्थितीत प्रयोगशाळेतल्या पेशींना कमी चिकटले आणि पेशींत कमी घुसले. कॉलऱ्याचं विष कमी तयार झालं आणि जे झालं त्याला पेशीवर बसायची जागा नीट मिळाली नाही. ई. कोलायच्या उष्णतेने नष्ट न होणाऱ्या दुसऱ्या एका विषावर मात्र काढ्याचा काहीही परिणाम झाला नाही.

म्हणजे बेल शत्रूला मारत नाही, त्याला दारात पाय ठेवू देत नाही. यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. रक्त पडणारी आव, ताप, टायफॉइड अशा ठिकाणी जंतू मारायची गरज असते आणि तिथे बेल पुरा पडत नाही. शिवाय हे सगळं काचेच्या भांड्यातल्या पेशींवर दिसलेलं आहे. माणसाच्या आतड्यात पित्त, अन्न आणि इतर जिवाणू असताना परिणाम तेवढाच राहील असं धरून चालता येत नाही.

काचऱ्यांचा काढा नीट कसा करायचा?

वाळलेल्या काचऱ्या खलबत्त्यात जाड्या रव्यासारख्या कुटा. मिक्सरमध्ये पीठ करू नका. पीठ तळाला बसतं, गरातल्या चिकट द्रव्यामुळे भांड्याला धरतं, करपतं आणि गाळणीतूनही निघत नाही. 10 ग्रॅम भरडीला 160 मिली पाणी घ्या, दोन-तीन तास भिजू द्या. मग झाकण न ठेवता मंद आचेवर उकळून चौथा हिस्सा, म्हणजे 40 मिली उरवा. याला साधारण अर्धा तास लागतो. दहा मिनिटांत आटला तर आच जास्त होती, पाणी उडालं पण द्रव्य काचऱ्यांतच राहिलं असं समजा. सुती फडक्यातून पिळून गाळा. हे 40 मिली म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची मात्रा, दोन वेळांत विभागून.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी कढईत काढा काळाशार होतो, कारण टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाई तयार होते. जुन्या काळी हिरड्यापासून शाई करत ती याच गुणावर. काढा त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्येसुद्धा 24 तासांपलीकडे ठेवू नका, त्यात साखर आणि पेक्टिन असल्यामुळे तो लवकर आंबतो. वरून गूळ किंवा साखर घालू नका.

चूर्ण घ्यायचं असेल तर कच्च्या बेलाच्या गराचं 3 ते 6 ग्रॅम ही रूढ मात्रा आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने 3 वरच थांबावं.

कॅप्सूलमधला अर्क आणि घरचा काढा एकच ना?

नाही. पाण्यात टॅनिन, पेक्टिन आणि साखर उतरते. अल्कोहोलमध्ये पेक्टिन अजिबात उतरत नाही, उलट साका होऊन वेगळं पडतं. पण कूमारिन जातीची द्रव्यं जास्त उतरतात, बेलातलं मार्मेलोसिन त्यांपैकीच एक. त्यामुळे अल्कोहोलने काढलेल्या अर्काच्या कॅप्सूलकडून काढ्याचं सगळं काम होईल अशी अपेक्षा धरू नये. लेबलवर कोणत्या द्रावकाने अर्क काढला, किती किलो फळापासून एक किलो अर्क झाला आणि फळ कच्चं होतं की पिकलं, हे तीन मुद्दे शोधा. तिसरा जवळपास कधीच लिहिलेला नसतो. नुसतं ‘बिल्व 500 मि.ग्रॅ.’ यावरून काहीच कळत नाही.

उंदरांमध्ये आतड्याचे व्रण भरले अशा बातम्या येतात. मग तीच मात्रा माणसाने का घेऊ नये?

गणित करून पाहा. उंदरावरच्या प्रयोगात दर किलो वजनामागे 400 मि.ग्रॅ. अर्क दिला असं धरू. प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदराची (रॅट) मात्रा माणसाच्या मापात आणताना साधारण 6.2 ने भागतात, म्हणजे किलोमागे सुमारे 65 मि.ग्रॅ. 60 किलोच्या माणसाला ते झाले 3.9 ग्रॅम शुद्ध अर्क. 100 ग्रॅम काचऱ्यांतून 15 ग्रॅम अर्क निघतो असं मानलं तर रोजच्या 26 ग्रॅम काचऱ्या लागतील. चूर्णाच्या रूढ मात्रेच्या हे चौपटीहून जास्त आहे, आणि एवढं टॅनिन रोज पोटात गेलं तर बद्धकोष्ठ जवळपास ठरलेलं.

दुसरा फरक वेळेचा. अशा प्रयोगांत आधी काही दिवस अर्क देतात आणि मग आतड्याला इजा करतात, कधी ॲसेटिक ॲसिडने, कधी इंडोमेथासिनसारख्या वेदनाशामकाने. आपल्याकडे माणूस इजा झाल्यावर औषध शोधतो. इजेपासून बचाव करणं आणि झालेली इजा भरून काढणं ही दोन निराळी कामं आहेत. बातमी वाचताना अर्क इजेच्या आधी दिला की नंतर, हे पहिल्यांदा पाहा.

ऊती सुधारली हे संशोधक ठरवतात कशावरून?

आतड्याचा तुकडा मेणात बसवून काही मायक्रॉन जाडीचा काप घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात पेशींची केंद्रकं जांभळी-निळी आणि बाकी भाग गुलाबी दिसतो. लहान आतड्यात व्हिलायची उंची आणि खळग्याची खोली मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. माणसाच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते निरोगीपणी साधारण 3:1 किंवा त्याहून जास्त असतं. उंचवटे बुटके आणि खळगे खोल झाले, तर पेशी झडण्याचा वेग वाढला आहे आणि खालून भरती करायला धावपळ चालू आहे असं समजतात.

श्लेष्मा करणाऱ्या गॉब्लेट पेशी पाहायला अल्शियन ब्लू वापरतात. निरोगी कापात निळ्या थेंबांनी भरलेल्या पेशी खळग्यांच्या भिंतीवर ओळीने दिसतात, कोल्हायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आलेल्या, कापात त्या रिकाम्या किंवा गायब असतात. जिवंत पेशींच्या थरावर अजून एक चाचणी करतात: थराच्या आरपार विजेला किती विरोध होतो ते मोजायचं. पेशींमधले सांधे घट्ट असतील तर विरोध जास्त. अर्काने तो वाढला म्हणजे सांधे घट्ट झाले. ‘लीकी गट’, म्हणजे पाझरणारं आतडं, या नावाने जे अर्क विकले जातात त्यांची भिस्त बहुधा याच चाचणीवर असते. मात्र ती पेशींच्या थरावरची चाचणी असते, माणसाच्या पोटावरची नव्हे.

हिरडा रेचक आहे की बांधणारा?

तो कसा घेता त्यावर ठरतं. जुन्या वैद्यकात चावून, वाटून, वाफवून आणि भाजून घेतलेल्या हिरड्याचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत: वाटलेला मळ काढतो, वाफवलेला बांधतो. याला रसायनशास्त्राचा आधारही दिसतो. हिरड्यातलं चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ल ही पाण्याने फुटणारी टॅनिनं आहेत, उष्णता मिळाली की ती तुटून गॅलिक आम्लासारखे छोटे तुकडे होतात. कच्चं चूर्ण आणि उकळलेला काढा म्हणूनच एक नव्हेत.

जुन्नर, आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं गोळा करतात तो बाळहिरडा म्हणजे आठळी धरण्याआधीचं कोवळं फळ, काळं आणि सुरकुतलेलं. मोठा सुरवारी हिरडा हे पूर्ण वाढलेलं फळ, त्याची आठळी काढून फक्त वरचं टरफल वापरायचं. आठळीसकट दळलेलं स्वस्त चूर्ण बाजारात खूप मिळतं. वजन भरतं, गुण नाही. रात्री कोमट पाण्यातून 3 ग्रॅम चूर्ण ही सुरुवात पुरेशी आहे. गरोदरपणात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आणि फार अशक्त माणसाला हिरडा देऊ नये.

डाळिंबाची साल वाळवून ठेवतो. ती खरंच उपयोगी आहे का?

आहे, दाण्यांपेक्षा सालीत टॅनिन कितीतरी जास्त. त्यातलं मुख्य द्रव्य प्युनिकॅलॅजिन. ते फुटून एलॅजिक आम्ल होतं आणि मोठ्या आतड्यातले काही जिवाणू त्यापासून युरोलिथिन तयार करतात. युरोलिथिन ए पेशींमधले सांधे घट्ट करतं असं प्राण्यांत आणि पेशींत दिसलं आहे. पण ते तयार करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकाच सालीने एकाला गुण येतो आणि शेजाऱ्याला येत नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

सोलापूर, सांगोला भागातलं डाळिंब बाजारात येतं तेव्हा सालीवर फवारणीचे अंश असतात, हे विसरू नका. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, मग फळ फोडा. आतला पांढरा पापुद्रा राहू द्या. सावलीत वाळवा, कडकन मोडली पाहिजे. वाकत असेल तर ओल आहे आणि आठवड्यात बुरशी धरेल. 3 ग्रॅम साल एक कप पाण्यात अर्धा कप होईपर्यंत उकळा, दिवसातून एकदा, तीन दिवसांपर्यंत. डाळिंबाच्या मुळाची साल मात्र घरी अजिबात वापरू नका. तिच्यात विषारी अल्कलॉइड असतात.

जुलाब चालू असताना बेलसरबत का नको?

साखरेमुळे. ओआरएसच्या एका लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. व्हिलायवरच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत ओढणारी एक वाट असते. जुलाबातही ती बहुधा चालू राहते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. म्हणून ओआरएसमध्ये दोघांचं प्रमाण, वजनाने नव्हे तर कणांच्या संख्येने, समान ठेवलेलं आहे. 200 मिली सरबतात चार चमचे साखर घातली तर लिटरमागे 100 ग्रॅम झाली, फळाची साखर वेगळीच. एवढी साखर आत ओढली जात नाही, ती उलट रक्तातलं पाणी आतड्यात खेचते.

आधी ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा 5 मिलीचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला याबरोबर रोज 20 मि.ग्रॅ. झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी पुढे चालू ठेवायचं. अस्तर भरून यायला झिंक लागतं. मोठ्या माणसाला बेलाचा काढा याच्या जोडीने देता येतो, याच्याऐवजी नाही.

पोट ठीक असताना उन्हाळ्यात सरबत खुशाल प्या. गर हाताने कुस्करा, मिक्सर लावू नका. बिया फुटल्या की कडवट होतं.

बाळगुटीत मुरुडशेंग आणि बाळहिरडा असतो. बाळाला द्यावी का?

पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. मुरुडशेंगेत पेटके कमी करणारा गुण आहे, पण सहाण, चमचा आणि पाणी यांतून जंतू जातात. तिथे मिळालेला फायदा आणि झालेलं नुकसान यांचं वजन नुकसानाच्या बाजूला पडतं. शिवाय ‘दोन वेढे’ उगाळले म्हणजे नेमके किती मिलिग्रॅम, हे सांगता येत नाही. घरातल्या आजींना हे सांगणं अवघड जातं, पण सांगा. त्यांच्या काळजीत काही खोट नाही, फक्त बाळाचं अस्तर अजून कोवळं असतं.

अल्सरेटिव्ह कोल्हायटिस आहे. त्यावरचं नेहमीचं औषध मेसालाझिन बंद करून हे घेऊ का?

बंद करू नका. डाळिंबाच्या सालीवर इराणमध्ये माणसांवर छोटी चाचणी झाली आहे, तीही नेहमीच्या औषधाच्या जोडीला. औषध सोडल्यावर आजार उसळतो तेव्हा बरेचदा स्टिरॉइडपर्यंत जावं लागतं. लक्षणं कमी झाली म्हणजे अस्तर भरलं असंही नाही, कारण टॅनिन शौच बांधून ठेवतं आणि आत सूज तशीच राहू शकते. काही घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि आधी व आठ-दहा आठवड्यांनी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन, तपासून पाहा. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारात आतड्यात अरुंद जागा झालेल्या रुग्णाने गर, तंतू, चूर्ण यांपासून दूर राहावं, अडकण्याचा धोका असतो.

इतर औषधांबरोबर चालतं का?

लोहाची गोळी आणि टॅनिन यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर कढईतली ती शाई पोटात तयार होते आणि लोह वाया जातं. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेता तेव्हाही काढा लगेच नको. मधुमेहाच्या औषधांबरोबर बेल घेतला तर साखर खाली उतरू शकते, पहिले काही दिवस मोजत राहा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील तर बेलाचा अर्क घेऊच नका.

आमसूल, कोकमाचं आगळ यात कुठे बसतं?

रोजच्या सोलकढीत, जेवणाचा भाग म्हणून. त्याने तोंडाला चव येते, जेवण चांगलं जातं. अस्तर भरून येण्याचं औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नका. वजन कमी करायला गार्सिनियाच्या, म्हणजे कोकमाच्याच जातकुळीतल्या फळाच्या, कॅप्सूल घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्या टाळा.

काष्ठौषधीच्या दुकानात खऱ्या काचऱ्या कशा ओळखायच्या?

चूर्ण घेऊ नका, काचऱ्याच मागा. आडवी चकती उजेडात धरा: बेलाच्या गरात मधल्या भागाभोवती दहा-पंधरा कप्पे गोल मांडलेले दिसतात आणि बियांभोवती वाळून काचेसारखा झालेला डिंक असतो. कवठाच्या चकतीत कप्पे नसतात, बिया सगळ्या गरात विखुरलेल्या असतात आणि कवच खरखरीत, पांढुरकं असतं. मँगोस्टीनची सालही बेल म्हणून खपवली जाते, तिच्यात बियांचा मागमूस नसतो. तोडून चावून पाहा. आधी तुरट आणि मग जिभेवर चिकट लागलं पाहिजे. नुसतं गोड लागलं तर फळ पिकलेलं होतं. डिंकाच्या कडेला राखाडी किंवा हिरवट पूड दिसली तर ती बुरशी आहे. पुसून, उन्हात घालून ती जात नाही, तिचं विष उकळूनही टिकू शकतं. पूर्ण पुडी फेकून द्या.

किती दिवस घ्यायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

काढा जुलाबासाठी तीन दिवस. फरक नसेल तर चौथ्या दिवशी तोच काढा वाढवत बसू नका. शौच बांधून यायला लागलं की दुसऱ्याच दिवशी थांबवा, नाहीतर खडा होतो.

शौचात रक्त, 38.5 सेल्सिअसच्या वर ताप, लघवी कमी होणं, वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आढळतो आणि सुरुवातीला तो ‘जुनी संग्रहणी’ म्हणूनच महिनोन् महिने काढ्यांवर राहतो. तो कोलोनोस्कोपी आणि तुकड्याच्या तपासणीने कळतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं.